गिनती

धुळ्यात गल्ली नंबर चारला माझं दुकान.
अडीच फुटांचं काउंटर, एक भिंग, एक हीटगन,
आणि चव्वेचाळीस डिग्रीत मान टाकलेला टेबलफॅन.
भिकनबापूंनी रुमाल सोडला,
आतून फोन काढून ठेवला,
पाखरू ठेवावं तसा, दोन्ही हातांनी.
"काय व्हयनं रे भो याले?"

काळा पडदा. त्यावर केबलचं चित्र,
केबलच्या पुढे लॅपटॉप.
सोमवारपासून एवढंच बोलत होता तो.

म्हटलं, रिकव्हरी मोडमध्ये अडकलाय बापू.
कुणीतरी जेलब्रेक केलेला दिसतो.

शब्द तोंडातून गेला आणि कळलं, कोणापुढे गेला.
तीस वर्षं जिल्हा कारागृहात काढलेला माणूस,
खाकी उतरली, पण पाठ अजून ताठ.
"जेल कोनी फोडी?"

बाहेर रसवंतीच्या घुंगरांआड नातू उभा होता, हितेश.
आत येत नव्हता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी पेचकसाकडे.

समजावलं: कंपनी फोनला आतून कुलपं घालते,
कुणी हुशार ती काढतो,
मग हवे ते ॲप, हवे ते रंग, फुकटातले गेम,
आणि एका रात्री भलतंच बटण दाबलं जातं.
मग फोन धड आत नाही, धड बाहेर नाही.

बापू स्टुलावर बसले. म्हणाले,
असा एक होता. शिरपूरकडचा.
रात्री भिंत चढून गेला, सगळी बराक हादरली.
पहाटे सापडला पांझरेच्या पुलावर, बसलेला.
पळाला का नाहीस विचारलं तर म्हणाला,
कुठल्या बाजूला जायचं तेच ठरेना.

लॅपटॉपनं दोन दारं दाखवली.
रिस्टोर: सगळं पुसून कोरा करकरीत.
अपडेट: कुलपं नवी, पण आतलं सामान जागेवर.
अपडेट दाबलं.
साडेपाच जीबी, आणि आमच्या गल्लीचं नेट.
पंधरा मिनिटांत उतरलं नाही
तर फोन कंटाळून उठतो,
सफरचंद दाखवतो, पुन्हा केबलवर येऊन बसतो.
दोनदा बसला. तिसऱ्यांदा लाईट गेली.

इन्व्हर्टर चिरकला. फाईल मात्र तोवर
सगळी उतरली होती.
आता फक्त फोनला पुन्हा दारात उभं करायचं.
वरचं बटण दाबून सोड, खालचं दाबून सोड,
बाजूचं धरून ठेव, सोडायचं नाही.
"बापू, तुम्ही मोजा."

त्यांनी मोजलं.
एक. दोन. तीन.
संध्याकाळी बराकीसमोर मोजत असतील तसं,
प्रत्येक आकड्याला एक माणूस उभा करत.
चार. पाच.
रसवंतीचं चाक थांबलं.
नऊला पडदा उजळला तरी ते थांबले नाहीत,
दहा म्हणाले, मग श्वास सोडला:
"गिनती बराबर."

पांढरी रेघ सरकायला लागली.
आम्ही दोघं तिच्याकडे पाहत बसलो,
मध्ये एकदा चहा आला, तसाच निवला.

मग फोननं सहा आकडे मागितले.
बापूंना पासकोड माहीत नव्हता,
हितेशला हाक मारायची म्हटली तर
हातानंच नको म्हणाले.
पडद्यावरच्या त्या छोट्या कुलपावर
अंगठा ठेवून हसले.
"कुलूप शाबूत शे. मना काम व्हयनं."

पैसे विचारले.
मी तीनशे म्हणालो.
गेल्या आखाजीला, याच काउंटरवर,
याच नातवाकडून
कुलपं काढायचे घेतले होते तेवढेच.
नोटा गल्ल्यात टाकताना ड्रॉवर दोनदा अडला.

बापू उठले नाहीत. पावती पाहिजे म्हणाले.
मी लिहिली: मॉडेल, तक्रार, रक्कम, सही.
त्यांनी परत माझ्याकडे सरकवली.
"येळ लिख. सुटकानी येळ लिखनी पडस."
घड्याळ पाहिलं. सहा वाजून चाळीस.
लिहिलं.
बाहेर चाक पुन्हा फिरायला लागलं होतं,
आणि हितेश एक ग्लास रस घेऊन
माझ्या पायरीवर उभा होता,
कोणाला द्यायचा ते ठरत नसल्यासारखा.